भाकड दिवस

२०२५ च्या दिवाळीत मधोमध एक दिवस रिकामा निघाला. शुक्रवारी, १७ ऑक्टोबरला वसुबारस. शनिवारी धनत्रयोदशी. सोमवारी नरकचतुर्दशी, मंगळवारी लक्ष्मीपूजन, बुधवारी पाडवा, गुरुवारी भाऊबीज. आणि रविवारी, १९ तारखेला, काही नाही. दिनदर्शिकेतला तो चौकोन मी चष्मा लावून पाहिला, चष्मा काढून पाहिला, शेवटी पान उलटून मागे काही राहून गेलंय का तेही पाहिलं. मागे दुधीच्या वड्यांची कृती होती.

"अगं, रविवारी काहीच नाहीये," मी स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणालो.

"ठाऊक आहे. मी जानेवारीतच बघून ठेवलंय."

जानेवारीत दिनदर्शिका भिंतीवर चढली की मी आधी कुठल्या सुट्ट्या रविवारी पडून वाया गेल्या ते मोजतो. त्याच जानेवारीत, त्याच भिंतीसमोर उभं राहून हिने एक रविवार हेरून ठेवला होता आणि दहा महिने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

असा दिवस का निघतो याचं शास्त्र आहे आणि ते मी त्या आठवड्यात लिफ्टमध्ये, वाण्याकडे, रिक्षाच्या रांगेत, कुणी विचारलेलं नसताना सांगितलं. चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे सरकला की एक तिथी पुरी होते. पण चंद्राची चाल एकसारखी नसते. पृथ्वीजवळ असला की तो झपाझप जातो आणि तिथी २० तासांच्या आतही उरकते. लांब गेला की रेंगाळतो आणि तीच तिथी २६ तासांपर्यंत ताणली जाते. त्या आठवड्यात तो रेंगाळला होता. त्रयोदशी शनिवारी दुपारी सुरू झाली ती रविवारी दुपारी दोनला संपली. चतुर्दशी तिथून सोमवारी दुपारपर्यंत. अमावास्या मंगळवारी संध्याकाळी उरकली. धनत्रयोदशीला त्रयोदशी हवी संध्याकाळी, ती शनिवारी मिळाली. अभ्यंगस्नानाला चतुर्दशी हवी पहाटे, ती सोमवारी मिळाली. रविवारच्या वाट्याला दोन्हीकडचं अर्धं अर्धं आलं आणि सण एकही आला नाही.

हे सगळं मी हिला दोन बशा आणि एक लिंबू वापरून समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे लांब गेला की चंद्र सावकाश चालतो."

"अगदी बरोबर."

"माहेरी गेले की माझंही तसंच होतं," ती म्हणाली आणि लिंबू उचलून वरणावर पिळायला घेऊन गेली.

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी डोंबिवलीचा. ३४ वर्षं लोकलने नोकरी केली. डोंबिवलीकराला घड्याळात तास दिसत नाहीत, मिनिटं दिसतात. "आठच्या सुमारास" असं काही आमच्याकडे नसतं, आठ चौदा असते आणि आठ बावीस असते. कुठल्या डब्यात चढलं की दादरला पुलाच्या पायऱ्यांसमोर उतरता येतं, हे मी झोपेतही सांगेन. निवृत्त होऊन चार महिने झाले होते, पण देवळात प्रदक्षिणा घालतानासुद्धा पुढच्याला "उतरनेवाले हो क्या?" असं विचारल्याची नोंद आहे. असल्या माणसाच्या हातात दिवाळी सापडली की तो तिचं वेळापत्रक करतो. माझ्या वेळापत्रकात ४३ कामं होती. पंख्यांची पाती, माळ्यावरचे डबे, जळमटं, पितळी समया, उंबरठ्याची रांगोळी, आकाशकंदिलाची वायर. प्रत्येकापुढे वेळ आणि जबाबदार व्यक्ती. कागद फ्रिजला चिकटवलेला होता. "जबाबदार व्यक्ती" या रकान्यात वरपासून खालपर्यंत बहुतेक एकच नाव होतं आणि ते माझं नव्हतं, ही गोष्ट मला कधी खटकली नव्हती. देखरेख करणाऱ्याचं नाव कागदावर कशाला हवं?

त्या कागदावर हिने एका रात्री आपल्या अक्षरात दोन ओळी लिहिल्या. एक: रविवारी या घरात कुणीही कामाला हात लावायचा नाही, गॅस फक्त चहासाठी पेटेल. दोन: फराळ घरी होणार नाही, बी विंगमधल्या बचत गटाकडे सांगून झालं आहे.

पहिली ओळ मी समजू शकलो. माणूस थकतो. दुसरीवर मात्र मी हरकत घेतली.

"विकतच्या फराळाला घरच्याची चव येते का?"

"घरच्या फराळात तुमचं काम काय असतं?"

"चव," मी म्हणालो. ते खरंही होतं. पहिल्या घाण्याची चकली माझ्यापुढे येते. मी ती मोडतो, आवाज ऐकतो आणि "काटा बरा आलाय, पण मोहन किंचित कमी पडलं" असा अभिप्राय देतो. मोहन नक्की किती घालतात हे मला आजही माहीत नाही. पण गेली कित्येक वर्षं ते किंचित कमीच पडत आलेलं आहे.

आणि अनारसे? अनारसे विकत आणायचे म्हणजे काय? ज्या पदार्थासाठी तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज त्यांचं पाणी बदलायचं, मग उपसून पंचावर सावलीत सुकवायचे, पण पुरते सुकू द्यायचे नाहीत, दमट असतानाच दळून बारीक चाळणीने चाळायचे, गूळ मिसळून गोळा डब्यात मुरत ठेवायचा, खसखशीवर थापून खसखस वर ठेवून तुपात सोडायचा आणि उलटायचा नाही. इतकं सगळं केल्यावर तो कढईत फुटून तुपभर पसरतो. याला आपल्याकडे "अनारसा हसला" असं म्हणतात. आठवडाभराची मेहनत डोळ्यांदेखत विरघळते आणि भाषा म्हणते, हसला! आमच्याकडे अनारसे दर वर्षी हसायचे. त्या दिवशी घरात दुसरं कुणी हसत नसे.

परंपरेचा प्रश्न होता, म्हणून मी वरच्या कोर्टात गेलो. आई ८४ वर्षांची आहे. ती माझ्या बाजूने उभी राहणार याची मला खात्री होती. सुनेच्या विरुद्ध नाही, अनारशांच्या बाजूने. मी तिच्या कॉटवर बसलो आणि आवाज शक्य तितका जड करून म्हणालो, "आई, यंदा फराळ बाहेरून येणार आहे."

आईने जप थांबवला. "सगळा?"

"सगळा."

"अनारसेसुद्धा?"

"अनारसेसुद्धा."

"सुटले बाई," आई म्हणाली आणि माळ पुढे सरकली.

नंतर तिने जे सांगितलं त्याने माझी पुराणकाळापासून चालत आलेली परंपरा पार मोडकळीला आली. लग्न होऊन गिरगावातल्या चाळीत आली तेव्हा साखर रेशनवर. दिवाळीला जादा साखर मिळायची, तिच्यासाठी पिशवी घेऊन पहाटे रांगेत नंबर लावायचा. फराळात चिवडा, शंकरपाळे आणि बेसनाचे लाडू, तेही डालड्यातले. अनारसे नव्हतेच. ते आमच्या घरात शिरले ते १९७४ साली, आम्ही डोंबिवलीला राहायला आलो तेव्हा. शेजारच्या बाई करायच्या. बाबांनी त्यांच्याकडचा एक खाल्ला आणि घरी येऊन म्हणाले, "त्यांना जमतात, मग आपल्याला का नाही?"

"तेव्हापासून करत्येय," आई म्हणाली. "मी स्वतः खात नाही. दाताला चिकटतात."

एकावन्न वर्षं. दिवाळीत जिला सगळ्यात जुनी समजत होतो ती गोष्ट माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान निघाली, आणि तिचं मूळ वेदांत नसून शेजारच्या ब्लॉकमध्ये होतं. रात्री बंगळूरहून मुलीचा फोन आला तर तिने वर मीठ चोळलं. "बाबा, आपण ज्याला पारंपरिक चिवडा म्हणतो ना, त्यातले शेंगदाणे आणि मिरच्या दोन्ही अमेरिका खंडातून आलेल्या. पोर्तुगीजांनी आणल्या." शिवाजी महाराजांच्या जन्माआधी आल्या की नंतर, एवढंच मी विचारलं. आधी, म्हणाली. मग माझी हरकत नव्हती.

शनिवारी संध्याकाळी फराळ आला. स्टीलचे डबे आम्हीच दिले होते, त्यामुळे दिसायला तो घरचाच होता. बचत गटातल्या ज्या बाई डबे घेऊन आल्या त्यांच्या कपाळावर बेसनाचा एक फराटा होता आणि डोळे झोपेने बारीक झालेले. आमच्या घरी दर वर्षी या दिवशी जो चेहरा असतो तोच. म्हणजे चेहराही आम्ही बाहेरूनच मागवला होता, फरक इतकाच की या चेहऱ्याने पैसे मोजून घेतले, दोनशे रुपये कमी आहेत असं स्पष्ट सांगितलं आणि "मोहन कसं वाटतंय?" असं मला विचारलंही नाही.

आणि मग रविवार उजाडला.

मला पाच दहाला जाग आली. मला रोजच पाच दहाला येते. पाच पंधरापर्यंत मी छताकडे पाहिलं. छताला एक जळमट होतं. माझ्या कागदावर ते काम क्रमांक ११ होतं आणि समोर टिकमार्क होता, म्हणजे ते टिकमार्कनंतर आलेलं ताजं जळमट. मी हळूच उठलो, कुंचा घेतला, स्टूल ठेवलं.

"कुंचा खाली ठेवा," अंधारातून आवाज आला.

आठ वाजेपर्यंत मी वर्तमानपत्र दोनदा वाचलं, त्यातल्या भूखंडांच्या जाहिरातींसकट. नऊ वाजता सोसायटीच्या गेटपर्यंत जाऊन आलो. रखवालदाराने विचारलं, "काय साहेब, काही पाहिजे का?" मी "नाही, सहज" म्हटलं. तो घाबरला. बारा वर्षांत मी त्याच्याशी "सहज" कधी बोललो नव्हतो. त्याने दोन मिनिटांत पाण्याच्या टाकीचं झाकण तपासून येतो असं सांगून पळ काढला.

परत आलो तर ही गॅलरीत बसलेली. एका खुर्चीवर ती, दुसऱ्या खुर्चीवर पाय. हातात काही नाही. ना निवडायची भाजी, ना फोन, ना विणकाम. खाली मुलं किल्ला करत होती. मातीवर अळीव पेरून बुरुज हिरवा करायचा की बाजारातलं प्लॅस्टिकचं गवत लावायचं यावर त्यांचं भांडण पेटलं होतं, आणि ती ते अगदी क्रिकेटच्या सामन्यासारखं पाहत होती. मी दारात उभा राहिलो.

"काय बघताय?"

"तू अशी बसलेली कधी दिसत नाहीस."

"दिसायला तुम्ही घरी कुठे होतात?" ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. तिने पाय काढून खुर्ची मोकळी केली, मी बसलो आणि प्लॅस्टिकच्या गवताची बाजू घेतली. ती अळिवाच्या बाजूने होती. अर्ध्या तासात अळीव हरले, कारण ते उगवायला चार-पाच दिवस लागतात आणि दिवाळी उद्यावर आलेली. पेरायचे तर आधी पेरायला हवे होते.

दुपारी जेवायचं काय, हा खरा पेच. गॅस फक्त चहाला. हिने शांतपणे फराळाचे डबे उघडले.

"अगं, नरकचतुर्दशीच्या आधी? नैवेद्याच्या आधी?" मी अक्षरशः उभा राहिलो. लहानपणी याच गुन्ह्यासाठी, एका शंकरपाळ्यासाठी, मी पाठीत धपाटा खाल्लेला आहे. धपाटा घालणारी व्यक्ती समोरच बसली होती. तिने देवासाठी एका वाटीत सगळ्यातलं थोडं थोडं बाजूला काढलं, वाटीवर झाकण ठेवलं आणि एक चकली उचलली.

"चांगली झालीय," आई म्हणाली. मग सुनेकडे पाहत आवाज खाली करून, "आपल्यापेक्षा बरी आहे, नाही?"

"आई, कितीतरी बरी आहे."

दोघी हसल्या. अनारसेही होते. एकही हसलेला नव्हता. सगळे एकसारखे गोल, जाळीदार, गंभीर. मी दोन खाल्ले. चव घरच्यासारखीच होती, आणि हे मी मोठ्याने कबूल केलं नाही.

दुपारी मी दिव्यांच्या माळांची पिशवी काढली. दर वर्षी भाऊबीजेनंतर मी त्या माळा व्यवस्थित गुंडाळून ठेवतो आणि दर वर्षी त्या माळ्यावर अंधारात आपसात लग्नं लावून बसतात. गुंता सोडवणं हे काम की करमणूक, यावर वाद झाला. आईचा कौल घेतला. "वेळ लावून केलं तर करमणूक, वेळेत केलं तर काम," आई म्हणाली. इतका नेमका निकाल मी ३४ वर्षांच्या नोकरीत एकाही वरिष्ठाकडून ऐकलेला नाही. मग आम्ही तिघं जमिनीवर बसून साडेतीन तास तो गुंता सोडवत होतो. शेवटी एक माळ लागली, एक अर्धी लागली आणि एक कायमचीच गेलेली निघाली. ती गेल्या वर्षीही गेलेलीच होती, मी ती जपून गुंडाळून ठेवली होती.

मधे समोरचे शेजारी मिठाईचा डबा घेऊन आले. ते उत्तर प्रदेशातले. त्यांचं लक्ष्मीपूजन सोमवारी, वीस तारखेला. आमच्या पंचांगांनी ते मंगळवारी, एकवीसला धरलेलं. अमावास्या सोमवारी दुपारी लागून मंगळवारी संध्याकाळी संपत असल्यामुळे दोन्ही पक्षांकडे आपापलं शास्त्र होतं. एरवी मी बशा आणि लिंबू आणलं असतं. पण गॅलरीत बसून अंगात थोडी सुस्ती आली होती. "म्हणजे लक्ष्मी सोमवारी तुमच्याकडे येणार आणि मंगळवारी आमच्याकडे," एवढंच म्हणालो. ते म्हणाले, "हाँ, बस दो कदम चलना है उनको।" त्यांनी आणलेला सोनपापडीचा डबा मी ओळखला. दोन वर्षांपूर्वी आम्हीच कुणाला तरी दिला होता, किंवा त्याचा जुळा भाऊ असावा.

संध्याकाळी दिवाळी अंक. दर वर्षी मी पाच अंक विकत घेतो आणि गुढीपाडव्यापर्यंत दीड वाचून होतो. मराठी माणसाला दिवाळी अंकाची परंपरा म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळापासूनची वाटते. पण का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तो १९०९ साली, आणि कल्पना सुचली इंग्रजी मासिकांच्या ख्रिसमस अंकांवरून. मित्र हेही मूळचे आजगावकर. बंगालीच्या प्रेमात पडून त्यांनी आडनावच बदललं. म्हणजे इंग्रजांच्या नाताळावरून बंगाली आडनावाच्या कोकणी माणसाने आपल्याला दिवाळीची परंपरा दिली. त्यांच्या घरातही कुणीतरी दिनदर्शिकेकडे बोट दाखवून "हे असलं आपल्याकडे नसतं" म्हणालं असेल. त्या गृहस्थाबद्दल मला त्या संध्याकाळी फार आपुलकी वाटली.

मी अंक उघडला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागलो. एरवी मी आधी राशिभविष्य बघतो. एक कथा पुरी वाचली. मग दुसरी. जेवायला हाक आली नाही, कारण जेवण नव्हतं. पुन्हा चिवडाच होता. खाली मुलांनी किल्ल्यावर मावळे मांडले. कुणीतरी एकच भुईनळा लावला, तो फुसका निघाला. कथेत एक माणूस बराच वेळ खिडकीत उभा होता आणि पुढे काहीच घडत नव्हतं. अशा कथा मी पूर्वी चौथ्या ओळीला सोडून देत असे.

आमच्या घरी नरकचतुर्दशीला गजर लावत नाहीत. मी असतो. तीस वर्षांचा शिरस्ता आहे: मी पावणेचारला उठतो, घर उठवतो, पाच वाजता अभ्यंगस्नानं उरकलेली असतात, साडेपाचला नैवेद्य, सहाला फडके रोड. डोंबिवलीत नरकचतुर्दशीच्या सकाळी फडके रोडवर गेलं नाही तर दिवाळी लागू होत नाही. नवे कुर्ते, नऊवाऱ्या, गॉगल लावलेली पोरं, सगळं गाव एकमेकांना बघायला आणि स्वतःला दाखवायला तिथे जमतं. माझ्या तरुणपणी मीही तिथे दोन तास ताठ उभा राहत असे. त्या गर्दीत हीसुद्धा असायची म्हणते. मला ती दिसली नव्हती. मी पुढे जायला जागा शोधत असणार.

तर सोमवारी मला जाग आली तेव्हा छातीवर दिवाळी अंक होता, खिडकीतून ऊन येत होतं आणि घड्याळात सहा पंचावन्न झाले होते. सूर्योदय साडेसहाच्या सुमाराला होऊन गेलेला. सूर्य उगवल्यावर जो न्हातो तो नरकात जातो, हे मला पाठीत धपाट्यांसकट शिकवलेलं होतं. न्हाणीघरात उटणं वाटीत तसंच होतं, मोती साबण कागदात, आणि दाराशी डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडायचं कारीट कुणी तरी आपल्याला फोडेल म्हणून कालपासून वाट बघत पडलेलं. ही गाढ झोपलेली. खालून फडके रोडकडे निघालेल्या पोरांचे आवाज येत होते.

मी धावत आईच्या खोलीत गेलो. ती कॉटवर डोळे उघडे ठेवून आरामात पडली होती.

"आई! जागी आहेस?"

"साडेतीनपासून."

"मग हाक का नाही मारलीस? सूर्य उगवला! सगळे नरकात जाणार आता!"

"साठ वर्षं उठत्येय रे, बंब पेटवायला," आई म्हणाली. "काल रात्री म्हटलं, एकदा कुणाला उठवायचंच नाही. बघू काय होतं." तिने कूस बदलली. "नरकात जायचंच आहे तर चहा पिऊन जाऊ. तिला उठवू नकोस. तूच टाक. आणि आलं घाल."

मी आलं शोधायला लागलो. ते सापडेपर्यंत सव्वासात वाजले.